चंद्रासाठी राखलेली धूळ

परत आल्यावर मैत्रिणींना सांगितलं, की मी बुलढाणा जिल्ह्यात ऊन बघायला गेले होते. त्या हसल्या. ऊन काय इचलकरंजीत नाही? आहे. पण आमच्या उन्हावर कोणी संशोधन करत नाही. तिथल्या उन्हावर तीन-चार देशांतल्या विद्यापीठांची नजर होती.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरी ताटांआधी पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि घड्या घालून झाल्याशिवाय कोणी जेवायला बसायचं नाही. वडिलांचा एक नियम होता: कोणाचं काय पणाला लागलंय ते पत्रकात पहिल्यांदा सांगायचं, घोषणा मागून. म्हणून आधीच सांगते. लोणार तालुक्यात, बीबीच्या पुढे एक गाव आहे. तिथल्या बायकांना भाजी ठेवायला एक थंड खोली मिळाली होती. ती त्यांच्याकडे राहते की जाते, एवढीच या प्रवासाची गोष्ट. बाकी सगळं वाटेत भेटलेलं.

गावाचं नाव देत नाही. देऊ का, असं त्या बायकांना मी विचारलेलं नाही.

खामगाव

जलंबला गाडी बदलली. खामगावकडे जाणारी छोटी गाडी निघण्याची कुणालाच घाई नव्हती, गाडीलाही नाही. शेजारी सरकीच्या ढेपेचे एक व्यापारी बसले होते. मी इचलकरंजीची म्हटल्यावर त्यांनी पाय वर घेतले आणि गप्पा सुरू केल्या.

"म्हंजे आमचा कापूस तुमच्याकडं येते."

"आणि कापड होऊन परत जातो," मी म्हटलं.

"जाते. पर वयखू येत नाई मंग." मग थोडं थांबून, "कोन्या कामानं आल्या?"

मी सांगितलं. विद्यापीठांचा प्रकल्प आहे, सौर पट्ट्यांवरची धूळ कशी घालवायची याचा. शोध लागला तर पृथ्वीवरही वापरणार आणि चंद्रावरही. त्यावर मला एक मराठी पुस्तिका लिहायची आहे.

"चंद्रावर वीज? तिथं कोन पऱ्हाटी लावून राह्यलं?"

अख्खा डबा हसला. मीही हसले. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे मला शेतं बघता बघता कळलं होतं. तो प्रश्न मी तेव्हा विनोद म्हणून वहीत लिहिला. आज तो मला त्या सगळ्या आठवड्यातला सर्वांत सरळ प्रश्न वाटतो.

खामगावात उतरून आधी कचोरी खाल्ली. सोबत तळलेली मिरची होती. आमच्याकडे तांबड्या रश्श्याची फुशारकी मारणारी मी, डोळे पुसत कॉलेजच्या फाटकाशी पोचले. तिथं डॉ. सप्रे वाट बघत होते. पुण्याच्या एका संस्थेतले, प्रकल्पाचे इथले समन्वयक. अतिशय सभ्य माणूस. स्वतः पाणी आणून दिलं, मग समजावून सांगितलं.

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. तिथली धूळ बारीक, धारदार आणि चिकट. ती पट्टीवर बसली की वीज आटते आणि पुसायला कोणी नसतं. म्हणून पट्टीवर एक पारदर्शक लेप द्यायचा. त्यातून विजेचे हलके झटके सोडले की धूळ आपोआप झटकली जाते. जिथं पट्ट्या धुवायला पाणी नाही अशा गावांनाही हाच लेप उपयोगी. लोणार भाग निवडला, कारण लोणारचं विवर उल्केनं काळ्या बेसाल्टमध्ये पाडलेलं आहे, आणि चंद्रावर जे काळे डाग दिसतात तो खडकही त्याच जातीचा.

गावात पट्ट्यांच्या दोन रांगा लावल्या होत्या. एक लेपाची. दुसरी साधी, तिच्यावर काळ्या दगडाची भुकटी शिंपडलेली, आणि ती वर्षभर पुसायची नाही, पाऊस आला तर तेवढ्यापुरती झाकायची. दोन्ही रांगांची वीज थंड खोलीला. चाचणी वर्षभर अखंड चालली, तर पट्ट्या, बॅटऱ्या आणि खोली सगळं बायकांच्या बचतगटाचं. खंड पडला, तर साहित्य परत.

"वर्ष भरतच आलंय," सप्रे सर म्हणाले. "दसऱ्यानंतर लगेच हस्तांतर. तुमची पुस्तिका त्या कार्यक्रमात वाटू."

मला ते आवडलं होतं. लपवत नाही.

मेहकरच्या पुढे

लोणारकडे निघालेल्या जीपमध्ये एल्के होती. जर्मनीतल्या विद्यापीठातली तरुण संशोधक, माझ्याहून थोडी मोठी. मेहकर सोडल्यावर चाक पंक्चर झालं. गणेश ड्रायव्हर जॅक लावत होता तेवढ्यात एल्के कपाशीचं फूल बघायला शेतात उतरली आणि तिचा बूट काळ्या मातीत रुतला. तिला हात द्यायला गेले तर माझी चप्पल रुतली. आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या, आणि गणेश खाली बसल्या बसल्या बघतोय.

"आमची जमीन पाव्हण्याले लवकर सोडत नाई, मॅडम," तो म्हणाला.

एल्केनं मला भाषांतर करायला लावलं आणि खूप वेळ हसली. मला ती आवडली. तेही लपवत नाही. पुढे जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं, तर लिहायला सोपं गेलं असतं.

लोणारला पाहुण्यांची राहण्याची सोय होती. मी गावातच राहते म्हटलं. विवराच्या काठावरून खालचं तळं एकदा बघून घेतलं. हिरवट पाणी, भोवती झाडी, पडकी देवळं, आणि कुणाचाही आवाज मोठा होत नाही अशी शांतता. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. बायकांच्या त्या थंड खोलीबद्दल कोणी लिहिलेलं नाही.

गाव

मंदाताई बचतगटाच्या अध्यक्ष. उंच, सावळ्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणाऱ्या. त्यांनी आधी खोली दाखवली, मग घर. जाड दार उघडलं तसा कोथिंबिरीचा गार वास आला. क्रेटमध्ये वांगी, मेथीच्या जुड्या, टमाटे. प्रत्येक क्रेटवर वेगळ्या रंगाची चिंधी, ज्या बाईचा माल तिची.

"पह्यले व्यापारी मुद्दाम अंधार पडल्यावर ये," मंदाताई म्हणाल्या. "त्याले माहीत, मेथी रातभर टिकत नाई. तो म्हणन तो भाव. आता तो दुपारपासून पारावर बसून राह्यते. आम्ही म्हणतो, आज नाई देत, उद्या ये."

"उद्या आला का?"

"येते न. कुठं जाते?" त्यांच्या धाकट्या जाऊबाई सुमन म्हणाल्या. "मले तं त्याले 'उद्या ये' म्हणायलेच मजा वाटते. भाव मिळो का न मिळो."

मी अनेक सभांना गेले आहे. हक्काबद्दल लांबलचक भाषणं ऐकली आहेत, एक-दोन दिलीही आहेत. "उद्या ये" या दोन शब्दांत जे होतं ते त्या भाषणांत नव्हतं.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा, आणि ठेच्यावर कच्चं तेल, वाटीनं. आमच्याकडे तेल असं ओतलं तर आई हात धरेल. जेवताना मळक्या रांगेचा विषय निघाला. गावात दुसऱ्या रांगेला तेच नाव पडलं होतं.

"पाहून जीव तुटते, ताई," सुमन म्हणाल्या. "सासूबाईनं लग्न झाल्यापासून सांगितलं, पूस. आता हे सायब सांगते, पुसू नको. कोनाचं ऐकाव?"

"जो वीज देते त्याचं ऐक," मंदाताई म्हणाल्या.

पण त्यांनी ऐकलं होतं, हे महत्त्वाचं. आषाढात चिखल उडाला, पाखरांनी घाण केली, समोरून जाणारा प्रत्येक पाहुणा नाक मुरडून गेला, तरी त्या रांगेला कोणी हात लावला नाही. चंद्रावर पाणी नसतं, म्हणून ही रांगही पाण्याविना ठेवायची, असं मी समजावून सांगितलं.

"पाणी नाई?" मंदाताईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग तो लोणार तालुक्यातच हाय म्हणा की."

खंडेनवमी

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या इचलकरंजीत त्या दिवशी माग बंद असतात. वर्षभर खडखडणारं गाव गप्प होतं. लोक माग धुतात, तेल देतात, झेंडूच्या माळा बांधतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला एक दिवस विश्रांती. मालक-कामगार भांडण त्या दिवशीही संपत नाही, पण यंत्राशी कोणाचं भांडण नसतं.

या गावातही तेच. सकाळी उठले तर अंगणात विळे, खुरपी, फवारणीचा पंप, सुमनताईंचं शिलाई मशीन, सगळं धुऊन मांडलेलं. मग बायका बादल्या घेऊन पट्ट्यांकडे निघाल्या. प्रल्हादभाऊ, ज्यांना प्रकल्पानं राखणीला ठेवलं होतं, त्यांनी स्वतः नारळ फोडला. दोन्ही रांगा धुतल्या गेल्या. ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं. प्रत्येक पट्टीला हळद-कुंकू, प्रत्येक खांबाला झेंडू. शेवटी घराघरांतल्या चादरी आणून दोन्ही रांगा झाकल्या.

"आज त्यायले आराम," मंदाताई म्हणाल्या. "बाटऱ्या भरेल हायेत. खोली एक दिवस चालते."

मी दोन खांबांना माळा बांधल्या. पुस्तिकेत लिहायचा तो नियम माझ्या मनात आला नाही. आला असता तरी मी माळच बांधली असती, असं आज वाटतं. वर्षभर न पुसण्याचा नियम त्यांनी पाळला होता, पण त्यांच्या हिशेबी तो रोजच्या धुण्याबद्दल होता. नवमीचं धुणं हे धुणं नव्हेच. मूर्तीला हात लावायचा नाही असं सांगितलं, म्हणून पुजारी अभिषेक थांबवतो का?

दसऱ्याच्या दिवशी सप्रे सर आणि एल्के आले. सोबत पेढ्यांचा मोठा खोका. मंदाताईंनी सरांच्या हातात आपट्याची पानं दिली.

"सोनं घ्या, सर."

सरांनी घेतली, वाकून नमस्कार केला, वर बघितलं आणि पानं हातातच राहिली. चादरी निघाल्या होत्या. मळकी रांग लख्ख चमकत होती, आणि काचेवर ओळीनं कुंकवाची बोटं.

"हे कोणी केलं?"

"सगळ्यायनं," सुमन म्हणाल्या, कौतुक होणार म्हणून.

"धुवायचं नाही, असं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं नं. धुतलं नाई कधी. विचारा प्रल्हादभाऊले." मंदाताई अजून हसत होत्या. "हे नवमीचं हाय, सर."

एल्केनं संगणक उघडला. पडद्यावर दोन्ही रांगांच्या वर्षभराच्या विजेच्या रेघा होत्या, रोज चढणाऱ्या, रोज उतरणाऱ्या. शेवटी एक दिवस सपाट. त्यानंतर मळक्या रांगेची रेघ लेपाच्या रांगेच्या बरोबरीला येऊन बसलेली. प्रल्हादभाऊंनी तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "काऊन, बिघडलं का काई?"

पेढे कोणी उघडले नाहीत.

पुन्हा खामगाव

खोलीचा निर्णय गावात होणार नव्हता. खामगावच्या कॉलेजात समारोपाची सभा होती, परदेशी प्राध्यापक येणार होते. मंदाताई, सुमन आणि प्रल्हादभाऊ माझ्यासोबत आले. दोघींनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. सोबत एक क्रेट घेतला, निवडलेली वांगी, पाहुण्यांना द्यायला. जीपमध्ये सुमन सारखं विचारत होत्या, "आपून माफी मागू तं देतीन न खोली?" आणि मंदाताई दर वेळी म्हणत होत्या, "माफी कायची? विचारू."

सभागृहात पडद्यावर चंद्र होता. मोठा, राखाडी, शांत. एकामागून एक विद्वान उठले. कुणी अवकाशात तरंगणाऱ्या पट्ट्यांवरून खाली वीज कशी पाठवायची ते सांगितलं, कुणी चंद्राच्या लांबलचक रात्रीबद्दल. मला ते खोटं वाटलं नाही. माणसानं हे शोधावं, असंच वाटलं. शेवटी एल्के उठली. तिनं गावाचं चित्र दाखवलं, रांगांचं, खोलीचं. खोलीच्या दारात मंदाताई उभ्या होत्या. स्वतःला एवढं मोठं बघून त्यांनी पदर सावरला. चित्राखाली इंग्रजीत लिहिलं होतं: स्थानिक वापरकर्ता.

प्रश्नांच्या वेळी त्या उभ्या राहिल्या. मी शेजारी.

"आमी वर्षभर तुमची धूळ सांभाळली," मंदाताई म्हणाल्या. "एक दिवस सण आला. त्या दिवशी तुमच्या कागदाचं नुकसान झालं, ते आमाले आता समजलं. पर लेप लावला तं धूळ जाते, हे तं तुमाले सण यायच्या आंधीच समजलं होतं नं? मंग खोलीचं काय?"

मी भाषांतर केलं. कोणतंही वाक्य मऊ केलं नाही, धारदारही केलं नाही. समोर बसलेले प्रमुख प्राध्यापक पांढऱ्या दाढीचे, दयाळू चेहऱ्याचे. त्यांनी नीट ऐकलं. मग ते म्हणाले की प्रश्न अगदी रास्त आहे. पण चाचणी अपूर्ण राहिली असल्यानं साहित्य परत मागवणं भाग आहे; पट्ट्या प्रयोगशाळेत तपासाव्या लागतील; करार सर्व विद्यापीठांत समान आहे, एका गावासाठी वाकवता येत नाही. पुढच्या टप्प्यात समाजाच्या चालीरीतींचा आधीच अभ्यास करू. आणि कृपया त्यांना सांगा, की त्यांचं योगदान अमूल्य आहे.

एल्के उठून काहीतरी म्हणाली. अपवाद करता येईल का, असं. सप्रे सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. प्राध्यापकांनी मान हलवली, नकाराची, दुःखाची, दोन्हींची.

मी मंदाताईंकडे वळले. त्यांच्या इंग्रजी शब्दाला मराठीत 'अमूल्य' हा शब्द आहेच. पण तो माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "ते म्हणतात, नेणार. आणि तुमचे आभार मानतात."

मंदाताई उभ्याच राहिल्या. "म्हंजे त्यायचं काम झालं," त्या मला म्हणाल्या, त्यांना नाही. मग खाली बसल्या. सुमन हुंदका देणार तेवढ्यात मंदाताईंनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

जेवणाच्या टेबलावर वांग्यांचा क्रेट कोणीतरी सजावटीसारखा ठेवला होता. पाहुण्यांनी त्याचे फोटो काढले. निघताना मंदाताईंनी तो उचलला आणि परत जीपमध्ये ठेवला. प्रल्हादभाऊ म्हणाले, "राहू द्या नं, दिलेलं हाय." त्या म्हणाल्या, "द्यायची होती. दिली नाई अजून."

परत गावात

ट्रक दोन दिवसांनी आला. मी थांबले होते. पुस्तिकेचं काम सोडते, असं सप्रे सरांना कळवलं होतं. त्यांनी सभ्यपणे "समजू शकतो" असं उत्तर पाठवलं. आता ते स्वतः आले होते, सोबत एल्के आणि दोन तंत्रज्ञ. पट्ट्या एकेक करून उतरवल्या, जमिनीवर ताडपत्रीवर मांडल्या. वाऱ्यानं त्यांवर पुन्हा धूळ बसली होती, झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, कुंकू होतंच.

मग तंत्रज्ञ थांबले. आपसात बोलले. सप्रे सर मंदाताईंच्या ओट्याशी आले.

"मंदाताई, एक विनंती होती. हे सगळं विमानानं बाहेर जाणार. परदेशात मातीचा कणही चालत नाही, नियम आहे. पट्ट्या स्वच्छ धुऊन द्याव्या लागतील. दोन बादल्या पाणी आणि फडकी मिळाली, आणि बायकांनी जरा हात लावला, तर..."

ओट्यावर सात-आठ बायका बसल्या होत्या. कोणी उठलं नाही. मंदाताईंनी सरांकडे बघितलं, अगदी शांतपणे, आणि विचारलं,

"आज कोणता सण हाय, सर?"

सप्रे सरांनी ताडपत्रीवरच्या पट्ट्यांकडे बघितलं. मला त्या क्षणी त्यांची कीव आली नाही. यायला हवी होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी एल्केनं बादली उचलली, हातपंपावर गेली, दांडा कसा धरायचा ते न कळून दोनदा घसरली. मग पाणी आलं. तिनं पहिली पट्टी पुसायला घेतली. सरांनी बाह्या दुमडल्या आणि दुसरी घेतली. चंद्रासाठी वर्षभर राखलेली धूळ गढूळ पाणी होऊन अंगणातून वाहत गेली, आणि बायका बघत बसल्या. कोणी हसलं नाही.

ट्रक गेल्यावर खोली रिकामी करायची होती. बॅटऱ्याही गेल्या होत्या, आत गारवा थोडाच वेळ टिकणार होता. आम्ही क्रेट रस्त्यावर आणून ठेवले, चिंध्यांसकट. पारावर व्यापारी नव्हता. त्याला बातमी आधीच पोचली होती.

त्यानंतर महिन्याभरानं मी मंदाताईंना फोन केला. खोलीत आता काय ठेवता, असं विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून विचारलं, काय चाललंय.

"मिरच्या वाळवून राह्यलो," त्या म्हणाल्या. "गवार, मेथी बी. ओलं ठेवता येत नाई तं वाळवा. भाव कमी येते, पर सडत तं नाई. पट्ट्यांखालचे ते लोखंडी सांगाडे नेले नाई त्याईनं, काढायले परवडत नव्हतं म्हणे. त्यावर सुतळ्या बांधल्या, बाजा टाकल्या. चांगलं वाळते."

"चांगलं वाळतं?"

"वाळन नाई तं काय. जागा त्यायनंच पाहून देल्ली होती नं, जिथं दिवसभर सावली येत नाई ते."